दहा सेकंदांत सात

पुस्तक मी तीनदा वाचलं होतं.
हिरव्या शाईनं रेघा ओढल्या, समासात बाण काढले,
विल्यांदीच्या बसमध्ये डोळे मिटून म्हणून पाहिलं:
बारा पंचम शुद्ध लावले तर वर्तुळ मिटत नाही,
थोडं उरतं.
पाठ झालं.
इतकं पाठ, की त्याच्याकडे पाठ करून झोपले.

काल्यू म्हणाला, पुस्तक कोटाखाली ठेव.
शाळेला नाताळची सुट्टी, सभागृहातला हीटर बंद.
पियानोचं झाकण काढलेलं. आत
दोनशेच्या वर तारा,
कुणाच्या तरी पेन्सिलीचं टोक, एक सोव्हिएत कोपेक.
त्यानं किल्ली हातात दिली.
"लाव."
"कसं?"
"शुद्ध. तुझ्या कानाला आवडेल तसं."
आणि थर्मास घेऊन खिडकीशी जाऊन बसला.

पहिल्या पंचमाला पाऊण तास.
दोन स्वर एकमेकांवर घासतात, त्याला पुस्तकात स्पंद म्हणतात.
माझ्या कानात ते नुसतं गढूळ होतं.
मग किल्ली केसभर ढळली
आणि गढूळपणाला चाल आली,
लांब कुठेतरी कुणी दार उघडझाक करावं तशी.
हळू.
अजून हळू.
दार थांबलं.
असली शांतता
मी पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं केली होती.

असे अकरा.
साडेतीनलाच बाहेर अंधार. बोटं गारठली,
खूंट दोनदा निसटली, उजव्या खांद्यातून
कोपरापर्यंत कळ.
काल्यू बोलला नाही. पण मी चुकले
की नेमका तेव्हाच चहाचा घोट घ्यायचा.

बारावा लावायचा नसतो, तो आपोआप उरतो.
मी नुसता वाजवला
आणि तो रडला,
बर्फापलीकडच्या रानात एकटं राहिलेलं जनावर रडतं तसा.
"मोडलाय हा पियानो," मी म्हणाले.
"नाही, हेल्वी. जुने लोक याला लांडगा म्हणायचे.
थोडं उरतं ना, ते हे."

खांद्यातली कळ तशीच होती,
आणि कळलं.
माझ्या अकरा शुद्धतांचं देणं
या एकट्याच्या अंगावर काढलं होतं मी.

पुन्हा पहिल्यापासून.
आता नीट मिटलेलं प्रत्येक दार
जरासं किलकिलं करायचं:
या पहिल्याला दहा सेकंदांत सात हेलकावे,
पुढच्यांना थोडे कमीजास्त.
सोपं वाटेल. पण चांगलं लागलेलं बिघडवायला
हात धजत नाही, मान हलवतो,
मागे सरतो. त्याला रात्री नऊपर्यंत समजावलं.
सहावा अजूनही मला पटलेला नाही.

परतीच्या बसमध्ये पुस्तक उघडलं.
हिरव्या रेघेवरचं वाक्य तेच, तितकंच लहान.
वाचताना फक्त
माझं उजवं मनगट
हातमोज्याच्या आत
केसभर डावीकडे वळलं.