सभासद क्रमांक सतरा

उद्यमबागेतल्या भट्टीवर लुमाण्णा हलगेकर लागला
तेव्हा त्याला सही येत होती आणि शिवी.
बाकीचं काळ्या वाळूनं शिकवलं:
साचा ओला राहिला की लोखंड उसळतं,
माणूस गप्प राहिला की काहीच नाही.

टाळेबंदीचे एकेचाळीस दिवस
तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ, उपड्या पिंपावर उभा राहून
तो आधी मराठीत बोलायचा, मग कन्नडात.
कन्नड त्याचं असं,
क्रियापदं बसलिंगाकडनं उसनी, नामं घरची.
लोक हसायचे. हसले की वर्गणी द्यायचे.
दोन रुपये. पावती मी फाडायचो.
एकदा कार्बन उलटा पडला,
सगळे आकडे पावतीच्याच पाठीवर उमटले.

शेवटी मालकानं चहा पाजला.
सतरा रुपये वाढ, आणि हातमोजे.
हातमोजे!
बसलिंग ते घालूनच झोपला त्या रात्री.

मग वडगावचे मागवाले म्हणाले, अनगोळची तालीम म्हणाली,
उभा राहा की गा.
राहिला.
बोर्ड रंगवायला पेंटर आला. कुठल्या लिपीत?
ब्रश हातात धरून त्यानं एक विडी संपवली.
लुमाण्णानं एकच लिपी सांगितली.
बसलिंग तिथंच होता. बोलला नाही काही.
उरल्या रंगाच्या डब्याला झाकण लावलं,
वाळू नये म्हणून.

महापालिका, मग विधानसभा.
मोटार, मोटारीमागं मोटार.
भाषणात सीमा यायची, भट्टी यायची नाही.
मनगटावर वितळल्या थेंबाचा डाग होता,
त्यावर घड्याळ आलं.
खोटं कशाला बोलू,
पिरनवाडीचा रस्ता त्यानंच केला,
माझ्या पोरीची फी भरली दोन वर्षं.
फौंड्रीला कुलूप लागलं त्या सकाळी मात्र
तो कुठल्याशा कमानीची फीत कापत होता.
बसलिंग गेला तेव्हा हार आला. मोठा होता.

तिसऱ्या निवडणुकीत पडला. अनामतसुद्धा गेली.
परवा संघटनेच्या खोलीत आला, चालत,
घड्याळाविना.
"जुनी पुस्तकं हायत काय?"
होती. उंदरांनी कडा खाल्लेल्या.
सभासद क्रमांक सतरा,
शेवटची पावती निवडणुकीआधीच्या महिन्याची.
बोट त्यावर ठेवून म्हणाला,
"लेक्क माडु. हिशेब कर सगळा."
क्रियापद अजून चुकीच्याच जागी अडखळत होतं,
पण हसायला खोलीत कोणी नव्हतं.

दर जुना लावू की आत्ताचा, मी विचारलं.
तो खिसा चाचपत राहिला.