सोमवार ते शनिवार

कोन्स्टान्समध्ये नोव्हेंबरात तळं दिसत नाही,
नुसता फेरीचा भोंगा येतो पलीकडच्या काठाहून
धुक्यातनं वाट चाचपडत.
तळघरातल्या प्रयोगशाळेत ओटमार
दिवा मालवतो, लेसर लावतो,
आणि दोन काचांमधल्या थेंबभर पाण्यात
उजेडाचे खळगे पडतात.

आप्पेपात्रासारखे, हे माझं.
त्याला हा शब्द ठाऊक नाही.
तो म्हणतो, अंड्यांचा ट्रे.

त्यात मणी. केसाच्या जाडीत वीसेक मावतील एवढे,
अंगावर सगळ्यांच्या सारखाच विद्युतभार,
म्हणून एकमेकांना लांब ठेवणारे.
खळग्याला मणी, मण्याला खळगा,
हिशेब चुकता झाला
की जो तो आपल्या घरात ठाण मांडून.
पाणी ढकललं, तसूभर हलले नाहीत.
आणखी ढकललं,
झोपेत कूस बदलावी तसे जरा चाळवले
आणि पुन्हा जैसे थे.
विबके वहीत शून्य लिहिते.
शून्याखाली शून्य,
रात्री दोनपर्यंत.

ओटमारला यात नवल वाटत नाही.
एकतीस वर्षं तो एकाच इमारतीत राहतो.
सहा बिऱ्हाडं, तळघरात कपडे धुण्याचं एकच मशीन,
भिंतीवर तक्ता:
सोमवार फ्राउ गेस्लर, मंगळवार श्ट्रोमायर,
बुधवार तो स्वतः,
असं करत शनिवारी हेर ल्योले.
रविवार कोरा. रविवारी मशीन लावायचं नाही,
दोरीवर रुमालसुद्धा दिसता कामा नये.
शाई फिकी पडून अक्षरं गेली
तरी कुणी गिरवली नाहीत. पाठच होती.

मार्चमध्ये माळ्यावरच्या खोलीत मेहरेत आली.
अस्मारातून निघाली होती,
वाटेत किती वर्षं गेली ते सांगत नाही.
बेकरीत रात्रपाळी, पिठाने ताठ झालेले ॲप्रन.
सहा वार, सात बिऱ्हाडं.

त्याच आठवड्यात विबकेच्या एका ओळीत
एक मणी जास्त पडला.

जास्तीच्याला खळगाच नाही.
दोघांच्या मध्ये तो अवघडून उभा,
शेजारचा अंग चोरतो,
त्याच्या पलीकडचा आपल्याच उंबऱ्यावर येतो,
आणि मग एवढासा धक्का,
आधीच्या ढकलण्याचा दहावा हिस्साही नसेल,
पहिला दुसऱ्याच्या घरात,
दुसरा तिसऱ्याच्या.
जो तो फक्त एक घर सरकला.
पण दाटीची ती गाठ
पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत
चालत गेली, एकाही मण्याने
एवढा प्रवास केला नसताना.
विबके उठून उभी राहिली.
आकडा लिहायचा राहूनच गेला.

फ्राउ गेस्लरनी सोमवारची दुपार दिली, कुरकुरत,
'तात्पुरती' या शब्दावर जोर देऊन.
त्यांच्या चादरी मंगळवारी सकाळी गेल्या,
मंगळवारचे श्ट्रोमायर टोपली घेऊन बुधवारच्या दारात.
ओटमारने आपल्या विजारी गुरुवारी धुतल्या
आणि गुरुवारच्या बाईंना पहिल्यांदा नीट पाहिलं,
एरवी नाव तेवढं टपालपेटीवर वाचलेलं.
त्या म्हणाल्या, तुमचा साबण फार उग्र आहे.
तो म्हणाला, हो.

शनिवारच्या पुढे मात्र जागा नव्हती.
हेर ल्योले, वय ब्याऐंशी,
रविवारी सकाळी, चर्चची घंटा चालू असताना
अंगणात दिसले,
तोंडात दोन चिमटे धरून
निळ्या पट्ट्यांचा पायजमा वाळत घालताना.
पाच खिडक्यांचे पडदे हलले.
कुणी काही बोललं नाही.
माळ्यावरची खिडकी बंद होती,
पाळी संपवून मेहरेत नुकतीच झोपली होती.