उलटं दार

मोन्तेविदेओत ऑगस्ट म्हणजे ऐन थंडी.
नदी इथं इतकी रुंद की पलीकडचा काठ दिसत नाही,
आणि वारा तिचा खारटपणा अंगावर घेऊन
जलशास्त्राच्या जुन्या प्रयोगशाळेवर रोज आदळतो.
चार मजले, नुसतं उघडं काँक्रीट.
गिलावा नाही, रंग नाही, नक्षी तर नाहीच.
फाटकाशी पितळी पाटी: संरक्षित वास्तू.
म्हणजे खिळा ठोकायचा तरी अर्ज तीन प्रतींत.

आत सळ्या गंजतात, फुगतात,
आणि तव्यावरच्या भाकरीसारखा
भिंतीचा पापुद्रा सुटतो.
माझं काम एवढंच:
सुटलेलं काढायचं, सळई घासायची,
आणि ठिगळ असं लावायचं
की ठिगळ दिसू नये.

ते सोपं नाही,
कारण ही भिंत दगडासारखी दिसली तरी
सगळी लाकडाची आहे.
पाईनच्या फळ्यांचं सेंट्रिंग, त्यात ओतलेला माल,
आणि फळ्या ठोकून सोडवल्या तेव्हा
प्रत्येकीनं आपलं वय इथं ठेवलं:
रेषा, गाठी, करवतीचे दात,
एके ठिकाणी तर डिंकाचा ओघळ.
फळ्या पुढे कुणाच्या तरी चुलीत गेल्या असतील.
झाड गेलं, फळी गेली, धूरही गेला.
वळ राहिले.

फक्त उलटे.
फट होती तिथं धार,
उंचवटा होता तिथं खळगा.
बोटांना हे वाचायची सवय लागते, डोळ्यांना उशिरा.

म्हणून चौथ्या मजल्यावर, परांचीवर उभी राहून
ब्रश फिरवताना
आधी हातालाच कळलं
की फळ्यांच्या ओळीत मध्येच
कुणीतरी एक दार आडवं घातलंय.
चार तावदानी चौकोन. कडेला बिजागरीच्या खाचांचे दोन उंचवटे.
आणि किल्लीच्या भोकात शिरलेलं काँक्रीट
बोटाच्या पेराएवढं बाहेर आलेलं.

मूळ आराखड्यात असलं काही नाही.
आराखड्यात भिंत सपाट, वारा नाही, ऑगस्ट नाही.

दप्तरखान्यात मजुरीची वही सापडली.
*सुतार रुपेर्तो एचेवेर्री.
फळ्या कमी पडल्या. स्वतःच्या आणल्या. चार पेसो.*
कुठल्या फळ्या, ते नाही.
तारीख याच महिन्यातली, सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची.

त्या आठवड्यात त्याच्या घराला पोतं लावलं असेल का?
बायको बोलली असेल का?
की पंधरा दिवसांनी त्यानं दार परत नेलं,
सिमेंट खरवडलं, तेल लावलं,
आणि पुढे कितीतरी वर्षं
त्याच भोकात किल्ली फिरवली,
जिची उलटी बाजू इथं चौथ्या मजल्यावर
कुणाच्याच हाताला न लागता उभी होती?

पहारेकरी वॉशिंग्टन ऑलिवेरा
(या देशात हे नाव सर्रास आहे, हसू नका)
मातेचा तुंबा घेऊन धापा टाकत वर आला.
एक घोट मला, एक त्याला.
बराच वेळ भिंतीकडे बघून म्हणाला,
"एकतीस वर्षं इथली सगळी दारं मीच लावतो.
मी समजत होतो एकशे बारा आहेत."

समितीचा नियम स्पष्ट:
दुरुस्ती आराखड्याप्रमाणे. आराखड्याबाहेरचा तो दोष.
आणि त्या पेराला तडा गेलेला, खार आत पोचलेला.
वसंतापर्यंत ते आपोआपच पडलं असतं.
मला काही करावं लागलं नसतं,
समितीलाही नाही.

पण पडलेलं पुन्हा ओतायचं तर साचा हवा,
आणि किल्लीच्या भोकाचा साचा
किल्लीचं भोकच असतो.

रविवारी मी आमच्या कोठीच्या खोलीचं दार उतरवलं.
पाईनचं, जुनं, बिजागरी कुरकुरणारी.
बसवाल्यानं घेतलं नाही, चालतच आणलं,
वाऱ्यात ते शिडासारखं मला ओढत होतं.
वॉशिंग्टननं दारासाठी मोठं दार सताड उघडलं
आणि एक शब्दही विचारला नाही.

समितीच्या फॉर्मवर 'वापरलेले साहित्य' असा एक रकाना असतो.
त्यात मी लिहिलं:
फळ्या कमी पडल्या. स्वतःच्या आणल्या.

पावती जोडलेली नाही.