कामी पडते

तांडापेठेतल्या आमच्या घरातून
काहीच कधी बाहेर गेलं नाही.
भंगारवाला गल्लीच्या तोंडाशी ओरडायचा,
आमच्या दारापाशी मात्र
हातगाडी गुपचूप पुढे ढकलायचा.
"काहून फेकून रायली व," बाबा म्हणायचे,
"कामी पडते."

आणि पडायचं कामी. त्याचाच वैताग होता.

टेबलफॅन जळला,
त्याची जाळी मुगवड्यांवर राखणीला बसली.
कुकरची जुनी शिट्टी सुताला बांधून
ओळंबा केला बाबांनी,
मोरीची भिंत सरळ आली, अजून सरळ आहे.
दहावीचा अभ्यास मी संत्र्याच्या पेटीवर केला.
भूमितीच्या वहीला तो वास लागला होता.
परवा आठवण आली म्हणून वही शोधली,
तर ती मागच्या खिडकीच्या फटीत,
लू अडवत उभी,
प्रमेयासकट.

दिवाळीनंतर कूलरच्या टाकीत आलू राहायचे.
एका हिवाळ्यात तिथे मांजर व्याली.
आलू पलंगाखाली गेले.
मार्चातच पारा चाळीसला टेकला,
शेजारच्या हेडाऊंचा कूलर घरघरायला लागला,
पण पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत
आम्ही घामात झोपलो.
आई रोज रात्री बाबांना म्हणायची,
"आता मांजरीलेच विचारा, कधी निघते ते."

फक्त माग गेला.
चार माणसं लागली उचलायला.
कळमन्याच्या टालवाल्याने नेला,
लाकडाच्या भावात.
त्याचं पुढे काय झालं,
बाबांनी कधी विचारलं नाही.

खाली खड्डा उरला,
ज्यात सत्तावीस वर्षं त्यांचे पाय होते.
आई म्हणाली, बुजवून टाका, लेकरू पडन.
बाबांनी अर्धा रेतीने भरला
आणि रेतीत माठ बसवला.
तेव्हापासून घरातलं सगळ्यात गार पाणी
तिथून येतं.
पाहुणे दोन-दोन ग्लास पितात,
विचारतात, फ्रीज कोणत्या कंपनीचा.

मागच्या पोळ्याला त्यांची उजवी बाजू गेली.
मेडिकलमध्ये अठरा दिवस.
घरी येताना व्यायामाच्या बाईंनी रबरी चेंडू दिला,
रोज शंभर वेळा दाबा म्हणाल्या.
चौथ्या दिवशी चेंडू
मोरीच्या भोकावर बसलेला दिसला.
झुरळं बंद झाली.
मी भांडले. त्यांनी डावा हात
हवेत नुसता हलवला.

मागाबरोबर जायचा राहिलेला एक धोटा आहे,
शिसवीचा, तळव्याने घासून काळा झालेला.
त्याच्या पोटात, जिथे कांडी असायची,
आता गोळ्या असतात,
सकाळची पांढरी, दुपारची, रात्रीची अर्धी.
हे मात्र मी केलं.
बाबांनी धोटा डाव्या हातात तोलून पाहिला,
काही बोलले नाहीत.

काल दुपारी
शेहेचाळीस डिग्री, पंखा पाचवर,
पेपर फडफडत होता त्यांच्यासमोर.
वजन शोधायला मी उठले, बत्ता घ्यावा म्हणून,
तेवढ्यात त्यांनी डाव्या हाताने
उजवा हात मनगटाशी धरून उचलला,
फळीवरची जड वस्तू काढावी तसा,
आणि पानावर ठेवला.

पेपर गप्प झाला.

माझ्याकडे न बघता
वाकड्या ओठांतून म्हणाले,
"पाह्य.
कामी पडते."

मी हसले. तेही हसले, निम्म्या तोंडाने.
बत्ता माझ्या हातातच होता,
तो कुठे ठेवावा कळेना.

मग पान वाचून झालं.
उलटायचं होतं.
मी थांबले.
त्यांनी घाई केली नाही.
हात तसाच राहू दिला,
आणि त्याच पानावरची
महापालिकेची निविदा सूचना
पुन्हा पहिल्या ओळीपासून
वाचायला लागले.