पाटीवरचा शब्द

अक्षराला चार पौंड, पास्को म्हणाला,
नावाला सूट नाही, तारखेचे आकडे निम्म्यात.
मी तेव्हा त्याच्याकडे शिकाऊ.
डेलाबोलच्या काळ्या पाट्यांवरची धूळ झाडायची,
चहाला पाणी ठेवायचं, तोंड मिटून ठेवायचं.

केरेन्सा कोट न काढताच बसली.
डेन्झिल नान्सकिव्हल. बोट ‘ग्रे विल्मॉट’. फेब्रुवारीची नऊ.
इथवर सगळं सरळ.
मग एक शब्द हवा होता, नावाखाली, मधोमध.

ड्राउन्ड, पास्कोनं पेन्सिलीनं लिहिलं.
सात अक्षरं, अठ्ठावीस पौंड.
ती म्हणाली, बुडताना पाहिलंय कुणी?
बोट सापडली, बोटीवरचा रेडिओ सापडला,
एक पिवळा बूट सापडला, तोही त्याच्या मापाचा नव्हे.
पास्कोनं खोडरबर घेतलं.

लॉस्ट. चारच अक्षरं.
इथल्या निम्म्या दगडांवर हाच आहे.
ती बराच वेळ पाहत राहिली.
म्हणजे हरवला की हरला?
हातमोजा हरवतो, बसमध्ये छत्री हरवते.
आणि हरायचं म्हणाल, तर साध्या डार्ट्समध्येसुद्धा
तो हरून घरी आलेला मला आठवत नाही.
खोडरबर.

सासू चॅपलची. टेकन लिहा, ती म्हणाली,
देवानं नेला.
आई, मागच्या अंगणातली सायकलपण टेकनच होती,
आणि ती कुणी नेली ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

पोलिसांच्या कागदावर मिसिंग आहे, मी बोललो,
बोलायचं नव्हतं तरी.
पास्कोनं चष्म्यावरून पाहिलं.
चाळीस वर्षांत, तो म्हणाला,
मी शेवटी आयएनजी कोरलेलं नाही.
दगडावर सगळं होऊन गेलेलं असतं.

दारात धाकटी टेन्सी
दगडाच्या कपच्या रांगेत मांडत बसली होती.
मिसिंग तर मी आहे, ती म्हणाली.
आय ॲम मिसिंग डॅडी.
कपच्यांची रांग दाराबाहेर गेली.
बेपत्ता कोण, आणि आठवण कुणाला कुणाची,
त्या एका शब्दाला छिन्नी कुठे लावायची
ते मला अजून कळलेलं नाही.

चहा गार. सासूनं घड्याळ पाहिलं.
पास्कोनं सहज विचारावं तसं विचारलं,
घरी फोन यायचा, डेन्झिल आहे का म्हणून,
तेव्हा तू काय सांगायचीस?

ॲट सी, ती म्हणाली.
बँकेला, दंतवैद्याला, डार्ट्सच्या पोरांना,
सोळा वर्षं तेच. ॲट सी.
मग तिनं कोट काढला
आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला.

पाच अक्षरं, वीस पौंड.
दोन शब्दांमधली जागा पास्कोनं फुकट दिली,
जरा रुंदच ठेवली.
ज्याला काही उमजेनासं झालंय, त्यालाही आमच्याकडे
ॲट सी म्हणतात. तो अर्थ त्या दिवशी
कुणी उच्चारला नाही. तोही बसत होता.

सासू आठवडाभर बोलली नाही.
पाटी गुरुवारी पुरी झाली.
शेवटच्या अक्षरातली पांढरी भुकटी मी फुंकली,
थोडी परत माझ्याच डोळ्यांत आली.