स्म्यूझ

चौथ्या दिवशी फोलाके चित्रांचे पत्ते घेऊन आली.
कप. किल्ली. कुत्रा.
बाबांच्या तोंडून नुसती हवा.
कपाला ते "मंगळवार" म्हणाले,
आणि चुकलं हे कळून
चादरीची कड बोटांनी चुरगळत राहिले.

सहाव्या पत्त्यावर भोक होतं,
भिंतीतलं एक साधं काळं भोक.
"स्म्यूझ," ते म्हणाले. स्वच्छ.
फोलाकेनं कागदावर फुली मारली.

मी म्हटलं, थांबा, ती फुली खोडा.

शब्द आहे हा. ससेक्सच्या टेकड्यांखाली
चार-दोन म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून असेल.
कुंपणाच्या बुडाशी जिथून रोज
ससा जातो, येतो, जातो, येतो,
आणि गवत मुकाट बाजूला सरून
अंगाएवढी वाट उरते,
त्या भोकाचं नाव.
कुणी पाडलेलं खिंडार, त्याला नाही म्हणत.

अँब्रोज पेलिंग, पंचेचाळीस हिवाळे
हॉथॉर्नची कुंपणं घालत आले.
कोयत्यानं खोड अर्ध्याहून जास्त कापायचं,
तोडायचं मात्र नाही,
आडवं निजवायचं, की पुन्हा फुटतं.
मालक म्हणायचा, पेलिंग, भोकं बुजव.
हे हो म्हणायचे,
आणि दोन खुंटांमध्ये वीतभर जागा
विसरून घरी यायचे.

"आला कुठून?" फोलाकेनं पेन उचललं.
फ्रान्सकडून, म्हणतात.
तिकडच्या जुन्या बोलीत लपायच्या जागेला
असंच काहीसं म्हणत.
इकडे येईतो लपणं मागे राहिलं,
निसटणं उरलं.
आणि पुढचा तो 'स'?
तो का लागला, कुणी छातीठोक सांगत नाही.
मला विचाराल तर,
कुंपणातून जाताना चिकटलेलं कुसळ.

ती हसली. म्हणाली,
आमच्या योरुबात याला काय म्हणतात,
आजीला फोन करून विचारते.
मग फुलीवरच रेघ ओढून
शेजारी जपून लिहिलं तिनं, अक्षर अक्षर विचारत.

बाबांच्या डोक्यात कुठं काय आडवं पडलंय,
स्कॅनमध्ये दाखवलं मला डॉक्टरांनी.
ढगासारखं दिसतं.
रोज संध्याकाळी मी खुर्ची ओढून बसते,
बोलत नाही. बोललं की पळतात.

काल 'कुत्रा' आला.
ओला, कान पाडलेला,
एकदा बघून लगेच परत गेला.

माझं नाव अजून आलं नाही. थर्झा.
अंगानं जरा मोठं असेल.