माया

ओगलाला, नेब्रास्का. मे महिन्यातला वारा
लायल नोवाचेकच्या पत्र्याच्या शेडला खेटून उभा.
आमची अठ्ठ्याऐंशी सालची मोटरहोम जॅकवर,
मागचं बूड वर,
गुरांच्या दवाखान्यात आणलेल्या म्हशीसारखी
कुणाकडेच न बघणारी.

मागे चार चाकं. इकडे जोडी, तिकडे जोडी.
नक्षी अजून शाबूत, म्हणून मी निर्धास्त होते.
लायलनं अंगठ्यानं धूळ पुसून
आकडे दाखवले: एकतीस, शून्य सात.
दोन हजार सातचा एकतिसावा आठवडा.
"आषाढ असेल," जाऊबाई म्हणाल्या.
कडेच्या रबराला भेगा,
अनवाणी टाचेला पडतात तशा.

"यातला हा कधीतरी एकटाच बदललाय,"
लायल म्हणाला. "अर्धा इंच उंच आहे.
सगळं ओझं यानं उचललं,
शेजारचा नुसता फरफटत झिजला."
मी जाऊबाईंकडे पाहिलं नाही.
त्यांनीही माझ्याकडे नाही.

कोपऱ्यात नव्या टायरांची उतरंड:
दोनशे पस्तीस, रुंद, काळेभोर, सवलतीत.
लायलचा पुतण्या ट्रेंट म्हणाला, "त्याच रिमवर बसतात,
उलट जास्त वजन पेलतील."
मी पर्स उघडलीसुद्धा.

जाऊबाईंनी बिस्किटांच्या डब्यातून टेप काढली.
इचलकरंजीतल्या निम्म्या गल्लीचे ब्लाउज
बावीस वर्षं तिनं मापले.
पिवळी, आकडे पुसट, टोकाची पत्री गेलेली.
स्लॅकचे गुडघे सिमेंटला टेकून
एका टायरच्या डाव्या काठापासून
दुसऱ्याच्या डाव्या काठापर्यंत
त्यांनी ती ताणली. मग परत. मग पलीकडच्या बाजूला.

दहा इंच.

लायलनं तेलकट पुस्तक उघडलं, चष्मा कपाळावरून खाली आणला.
दोनशे पस्तीसच्या जोडीला साडेदहा लागतात.
"एकेकटे बसतील," तो म्हणाला, "जोडीनं नाही.
गाडी भरली की पोटं फुगतात,
एकमेकांना घासतात, तापतात.
मधे खडा अडकला तर विचारूच नका."

"माया नाही," जाऊबाई म्हणाल्या.
काय म्हणाल्या? लायल माझ्याकडे बघतो.
आता याला कसं सांगू,
शिंपी शिवणीत सोडतो ते जास्तीचं कापड,
आतल्या अंगाला, कुणाला न दिसणारं,
उद्या अंग भरलं तर उसवायला.
मी म्हटलं, "जागा. जागा नाही म्हणते ती."
एवढंच पोचलं. बाकीचं माझ्याजवळ राहिलं.

सतरा वर्षं एका ओट्याशी उभ्या होतो दोघी.
कोपराला कोपर. वरून घर भरलेलं.
खडेही होते मधे.
त्यांची नावं आता सांगत नाही,
दोघे तर फोटोतसुद्धा हार घालून बसलेत.

दोनशे पंचवीस मागवले. सहा. पुढचे दोनही जुनेच होते.
सहाही एकाच आठवड्यातले हवेत,
हे जाऊबाईंनी बोटं दाखवून स्वतः सांगितलं.
नॉर्थ प्लॅटहून यायला दोन दिवस, सवलत नाही.
दोन रात्री शेडच्या मागे झोपलो,
मालगाड्यांची लांबी मोजत.
एकशे बाराव्या डब्याला मला झोप लागली.
त्यांचा आकडा सकाळीही वेगळाच होता,
आणि त्यावरून आम्ही भांडलो.

निघालो तेव्हा लायलनं विचारलं,
"तो शब्द काय होता?"
"माय्या," त्यानं म्हणून पाहिलं,
आणि खडूनं फळीवर लिहिला, बहुतेक चुकीचा.

पन्नास मैलांवर जाऊबाईंनी गाडी थांबवायला लावली.
ताप बघावा तसा उलटा हात
एकेका टायरला लावत गेल्या.
बाहेरचे ठीक.
आतल्यापर्यंत हात पुरेना.
त्या वाकल्या, आणखी वाकल्या,
आणि मी टॉर्च धरून उभी राहिले,
भर दुपारी.